टिमथी एव्हन्सचे चार जबाब

रिचर्ड फ्लायशर दिग्दर्शित ‘टेन रिलिंग्टन प्लेस’ (1971) या सिनेमात तळमजल्यावरचा भाडेकरू वरच्या मजल्यावरच्या तरुण शेजाऱ्याला वैद्यकाचं एक पुस्तक दाखवतो. शेजाऱ्याला वाचता येत नाही. पुस्तक दाखवणाऱ्याला ते पक्कं ठाऊक आहे. पुढे गळे आवळले जातात, प्रेतं जिन्यावरून उतरवली जातात, एकाला फाशी होते, पण माझ्या पोटात गोळा आला तो या पुस्तकापाशी.

त्याला कारण माझी नोकरी. मी 27 वर्षं जिल्हा न्यायालयात लघुलेखक होते. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून बोलतो, न्यायाधीश ते नीट वाक्यात बसवून सांगतात, आम्ही टंकतो. एक म्हातारा एकदा म्हणाला होता, ‘‘त्यो तिकडनं आला न् ह्याच्या टाळक्यात घातली.’’ त्याचाच पोलिसांपुढचा जबाब फायलीत होता : ‘सदर इसम हा पश्चिमेकडून आला व त्याने हातातील काठीने फिर्यादीच्या डोक्यावर प्रहार केला.’ आता म्हाताऱ्याच्या तोंडी पश्चिम दिशा कुठून आली? काठी कुठून आली? काठी पंचनाम्यातून आली आणि दिशा नकाशातून. खाली नेहमीचं शेपूट : जबाब वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. त्यामुळे या सिनेमामागचं खरं प्रकरण वाचायला घेतलं तेव्हा खून कुणी केला यापेक्षा मी जबाबांतच जास्त अडकले. न वाचता येणाऱ्या माणसाचे चार जबाब आहेत, आणि त्यातल्या शेवटच्या दोन जबाबांवर तो फासावर गेला.

घरातली माणसं

लंडनच्या नॉटिंग हिल भागातली रिलिंग्टन प्लेस ही आंधळी गल्ली. एका टोकाला कारखान्याची भिंत, 10 नंबरचं घर गल्लीच्या शेवटी. तीन मजले आणि मागच्या अंगणात सगळ्यांना मिळून एक संडास आणि एक धुण्याची खोली. तळमजल्यावर जॉन रेजिनाल्ड क्रिस्टी आणि त्याची बायको एथेल. मधल्या मजल्यावर एक वृद्ध रेल्वे कामगार, तो नोव्हेंबर 1949 मध्ये इस्पितळात होता. सगळ्यात वर टिमथी एव्हन्स, बायको बेरिल आणि तेरा महिन्यांची मुलगी जेराल्डिन.

एव्हन्स मूळचा वेल्समधल्या खाणगावचा. लहानपणी पायाच्या दुखण्यामुळे शाळा बुडत गेली आणि अक्षरओळख राहिलीच. व्हॅन चालवायचा. थापाही भरपूर मारायचा, आपले वडील इटालियन सरदार आहेत असं लोकांना सांगायचा. नवराबायकोची भांडणं गल्लीभर ऐकू जायची. घरात पैशांची ओढाताण, त्यात बेरिलला पुन्हा दिवस गेले. तिला मूल नको होतं आणि गर्भपात हा इंग्लंडमध्ये तेव्हा गुन्हा होता.

क्रिस्टी पन्नाशीचा, चष्मा, टक्कल, कारकुनी पेशा. पहिल्या महायुद्धात विषारी वायूचा त्रास झाला म्हणून आवाज कुजबुजल्यासारखा. दुसऱ्या महायुद्धात तो राखीव पोलीस होता. चोऱ्यांबद्दल आणि एका बाईच्या डोक्यात क्रिकेटची बॅट घातल्याबद्दल त्याला आधी शिक्षा झालेल्या होत्या, पण भरती करताना ते कुणी तपासलं नाही. 1943 आणि 1944 मध्ये त्याने दोन बायका मारून त्याच अंगणात पुरल्या होत्या, हे 1949 मध्ये त्याच्याखेरीज कुणालाच माहीत नव्हतं.

पहिले दोन जबाब : मर्थर टिडफिल

30 नोव्हेंबर 1949. एव्हन्स वेल्समधल्या मर्थर टिडफिलच्या पोलीस ठाण्यात आपणहून गेला आणि म्हणाला, बायकोची विल्हेवाट लावली आहे, गटारात टाकली आहे. त्याआधी दोन आठवडे तो मावशीकडे राहत होता. लंडनमधलं सगळं फर्निचर 40 पौंडांना विकून आला होता, आणि बायको-पोरगी कुठे आहेत याबद्दल रोज नवी थाप मारत होता. आईचं पत्र आलं आणि थापा उघड्या पडल्या.

पहिला जबाब असा : रस्त्यावरच्या कॅफेत एका माणसाने मूल पाडायच्या औषधाची बाटली दिली, बेरिलने ते घेतलं, ती मेली, मी तिला घरासमोरच्या गटारात सोडलं. लंडनच्या पोलिसांनी मॅनहोलचं झाकण उघडून पाहिलं. ते उचलायला तीन माणसं लागली. आत काही नव्हतं.

हे कळल्यावर त्याने दुसरा जबाब दिला. आधीचं खोटं होतं, क्रिस्टीला वाचवायला म्हणून सांगितलं. क्रिस्टी म्हणाला होता, मला गर्भपात करता येतो, मी युद्धाआधी डॉक्टरकीचं शिकत होतो. त्याने पुस्तक दाखवलं. मला वाचता येत नाही, मी चित्रं पाहिली. दहात एखादी दगावते, असंही त्याने सांगितलं होतं. मंगळवारी, 8 नोव्हेंबरला, कामावरून आलो तर क्रिस्टी जिन्यात उभा, म्हणाला, जमलं नाही. प्रेताचं मी बघतो, पोरीला ईस्ट ॲक्टनच्या एका जोडप्याकडे सांभाळायला देतो, तू लंडन सोड.

या दोन्ही जबाबांची भाषा वाचण्यासारखी आहे. ‘मग मी म्हणालो, मग तो म्हणाला, मग मी चहा केला.’ वाक्याला वाक्य जोडत माणूस पळतोय. खोट्या जबाबातही हीच चाल आहे, हे विशेष. थाप मारतानाही तो आपल्याच बोलीत मारतो.

तिसरा आणि चौथा : नॉटिंग हिल

2 डिसेंबरला पोलिसांनी 10 नंबरचं घर पुन्हा तपासलं. धुण्याच्या खोलीत बेसिनखाली फळ्यांच्या आड गुंडाळलेली बेरिल सापडली, दाराआड जेराल्डिन. दोघींचा गळा आवळलेला, पोरीच्या गळ्यात नेकटाय तसाच. त्याच अंगणात कुंपणाला टेकू म्हणून माणसाच्या मांडीचं हाड उभं होतं. ते कुणाच्या नजरेत आलं नाही.

संध्याकाळी एव्हन्सला लंडनला आणलं. नॉटिंग हिलच्या ठाण्यात त्याच्यापुढे कपड्यांचे दोन ढीग ठेवलेले, एक बायकोच्या कपड्यांचा, एक पोरीच्या. मुख्य निरीक्षक जेनिंग्ज यांनी त्याला काय सांगितलं ते त्यांनीच पुढे कोर्टात सांगितलं आहे : तुझ्या बायकोचं प्रेत धुण्याच्या खोलीत सापडलं, मुलीचंही तिथेच, दोघींचा मृत्यू गळा आवळल्याने झाला आहे, आणि याला तू जबाबदार आहेस असं मानायला मला कारण आहे. एव्हन्स म्हणाला, ‘‘हो.’’

मी इथे पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिले. जागा, पद्धत, दोन प्रेतं, सगळं त्याला आधीच सांगून झालं होतं. त्याने फक्त हो म्हणायचं होतं. आणि पोरगी ईस्ट ॲक्टनला सुखरूप आहे असं समजणाऱ्या माणसाला ती मेल्याचं इथे, या खोलीत, तिच्या कपड्यांसमोर कळलं, निदान त्याचं म्हणणं तसं होतं. कोर्टात तो म्हणाला, पोरगी गेल्याचं कळल्यावर माझं काय व्हायचं ते होवो असं झालं. पोलीस खाली नेऊन मारतील अशीही भीती वाटली होती.

मग आला तिसरा, छोटा जबाब. मराठीत आणायचा तर साधारण असा : ती एकामागून एक कर्ज करीत होती व मला ते अधिक काळ सहन होणे शक्य नव्हते, म्हणून मी दोरीच्या तुकड्याने तिचा गळा आवळला व त्याच रात्री, म्हातारा इस्पितळात असताना, तिला खालच्या मजल्यावर नेले. हे मी मुद्दाम कोर्टाच्या मराठीत उतरवलं, कारण मूळ इंग्रजीही तशीच ठाण्याची आहे. एकाच वाक्यात कारण, हत्यार, वेळ, जागा आणि इमारत रिकामी कशी होती याचा खुलासा. मर्थरला ‘मग मी, मग तो’ करणारा माणूस दोन दिवसांत असं बोलायला लागला! तपास अधिकाऱ्याला लागते ती प्रत्येक गोष्ट या वाक्यात आहे. मी असली वाक्यं हजारोंनी टंकली आहेत, बोलताना मात्र एकाच्याही तोंडून ऐकली नाहीत.

चौथा जबाब लांबलचक. 8 तारखेच्या रात्री बेरिलला धुण्याच्या खोलीत बेसिनखाली सरकवलं आणि पुढे फळ्या लावल्या, गुरुवारी 10 तारखेला पोरीला मारून तिथेच ठेवलं, असं त्यात आहे.

फळ्या

नेमकं त्या दिवसांत 10 नंबरात दुरुस्तीचं काम चालू होतं. गवंड्यांची हत्यारं त्याच धुण्याच्या खोलीत असायची. शुक्रवारी 11 तारखेला त्यांनी ती खोली आवरून झाडून काढली आणि तिथे काही नव्हतं, असं त्यांनी पोलिसांना सांगितलं. सुताराने जमिनीच्या जुन्या फळ्या उखडल्या होत्या, त्या क्रिस्टीने चुलीला म्हणून मागून घेतल्या आणि त्याला मिळाल्या 14 तारखेला. म्हणजे एव्हन्सने 8 तारखेच्या रात्री प्रेतापुढे ज्या फळ्या लावल्या म्हणे, त्या तेव्हा अजून जमिनीतच ठोकलेल्या होत्या.

पोलिसांनी कामगारांना पुन्हा बोलावलं. दुसऱ्या जबाबांत आधीचा ठामपणा उरला नाही. प्रेतं असतील, आमचं लक्ष गेलं नसेल, अशी भाषा आली. कामगारांची ही हकिगत ज्यूरीपुढे गेलीच नाही. एव्हन्सच्या बचावाच्या वकिलांपर्यंतही ती पोहोचली नव्हती. सिनेमात हे कामगार येतात आणि जातात, पण तारखांचा हा पेच सामान्य प्रेक्षकाच्या हाती लागत नाही. माझी सिनेमाबद्दलची मोठी तक्रार हीच. कॅमेऱ्याला चेहरा दिसतो, हजेरीपट दिसत नाही.

खटला

11 जानेवारी 1950 ला ओल्ड बेली या लंडनच्या फौजदारी न्यायालयात खटला उभा राहिला तो फक्त जेराल्डिनच्या खुनाचा. बायकोच्या खुनात भांडण झालं, राग अनावर झाला असं काही म्हणता येतं, तेरा महिन्यांच्या पोरीच्या बाबतीत तशी पळवाट उरत नाही. सरकारी वकील होते ख्रिसमस हम्फ्रीज. हे गृहस्थ लंडनच्या बुद्धिस्ट सोसायटीचे संस्थापक आणि बौद्ध धर्मावरच्या लोकप्रिय पुस्तकांचे लेखक. माणसाचे किती कप्पे असतात ते बघा. बचावाला माल्कम मॉरिस.

सरकारचा मुख्य साक्षीदार क्रिस्टी. मॉरिसनी उलटतपासात त्याच्या जुन्या शिक्षा बाहेर काढल्या, तरी त्याचा काही उपयोग झाला नाही. महायुद्धात होरपळलेला, पोलिसात काम केलेला, हळू आवाजात नीट वाक्यं बोलणारा हा माणूस साक्षीदार म्हणून शोभत होता. हम्फ्रीजनी एव्हन्सला विचारलं, क्रिस्टीने तुझ्या बायकोचा गळा का आवळावा, कारण सांगता येईल? एव्हन्सचं उत्तर होतं, ‘‘तो दिवसभर घरी होता.’’

त्याला म्हणायचं होतं की संधी त्याच्याकडे होती, मी तर कामावर होतो. पण संधी आणि हेतू यांतला फरक त्याच्या शब्दसंग्रहात नव्हता, आणि खटला चालला होता तो शब्दांवर. ज्यूरीला 40 मिनिटं लागली. निकाल ऐकून क्रिस्टी कोर्टातच रडला. अपील फेटाळलं गेलं आणि 9 मार्च 1950 ला पेंटनव्हिल तुरुंगात अल्बर्ट पियरपॉइंटने एव्हन्सला फाशी दिली. वय 25. कोठडीत आईला त्याने जे सांगितलं, ते तो शेवटपर्यंत सांगत राहिला : ‘‘मी नाही केलं, आई. क्रिस्टीनं केलं.’’

1953

क्रिस्टीने मार्च 1953 मध्ये घर सोडलं. 24 तारखेला वरच्या मजल्यावरचा भाडेकरू स्वयंपाकघराच्या भिंतीवर रेडिओसाठी ब्रॅकेट ठोकायला गेला, तर भिंत पोकळ लागली. वॉलपेपर फाडला तर आत बाईचं प्रेत. एकूण तिथे तीन, पुढच्या खोलीत जमिनीखाली एथेल, अंगणात दोन सांगाडे. एका चुकीच्या भिंतीवर एक खिळा मारला गेला आणि तीन वर्षांपूर्वीचा निकाल खिळखिळा झाला. क्रिस्टीने बेरिललाही मारल्याचं कबूल केलं, जेराल्डिनला मात्र नाही. 15 जुलैला त्यालाही फाशी झाली. तुरुंग तोच, हात पियरपॉइंटचेच.

त्याआधी घाईघाईत स्कॉट हेंडरसन चौकशी उरकण्यात आली. एकाच घरात, गळाच आवळणारे, एकमेकांशी संबंध नसलेले दोन खुनी राहत होते आणि एव्हन्सनेच दोन्ही खून केले, असा तिचा निष्कर्ष. लोकांना तो पटला नाही. 1950 मध्ये एव्हन्सला माफी नाकारणारे गृहमंत्री चटर ईड यांनी पुढे संसदेत ती चूक असल्याचं मान्य केलं आणि ते फाशीविरोधी झाले. 1961 मध्ये पत्रकार लुडोविक केनेडी यांचं, एव्हन्स निर्दोष होता असं मांडणारं पुस्तक आलं, सिनेमा त्याच्यावरच आहे. 1965 मध्ये ब्रिटनने खुनासाठीची फाशी थांबवली, 1969 मध्ये ते कायम झालं. ब्रेबिन चौकशीने 1966 मध्ये म्हटलं की एव्हन्सने बायकोला मारलं असण्याचा संभव जास्त, पोरीला मात्र बहुधा मारलं नाही. ज्या खुनाबद्दल फाशी झाली तो केला नाही आणि ज्याचा खटलाच चालला नाही तो केला! तरी यामुळेच तेव्हाचे गृहमंत्री रॉय जेन्किन्स यांना एव्हन्सला राजमाफी मिळवून देता आली.

भाषेचा तज्ज्ञ

1968 मध्ये यान स्वार्टविक या स्वीडिश भाषाशास्त्रज्ञाने हे चारही जबाब घेतले आणि त्यांतली वाक्यं मोजली. उपवाक्यं कशी जोडली आहेत, कुठे कर्ता गाळला आहे, कुठे ‘मग’ आहे. जबाबातला निरुपद्रवी मजकूर आणि गुन्हा अंगावर घेणारा मजकूर यांची घडण त्याला वेगळी दिसली. त्याच जबाबात एव्हन्स मधेच स्वतःसारखा बोलतो आणि खुनाचा भाग आला की दुसरंच कुणी बोलायला लागतं. ‘फॉरेन्सिक लिंग्विस्टिक्स’, म्हणजे न्यायवैद्यकासारखं न्यायभाषाशास्त्र, हे नाव याच छोट्या पुस्तिकेतून रूढ झालं. चार जबाब म्हणजे नमुना लहानच, त्यावर कुणी पैज लावू नये. पण आमच्या टंकलेखन विभागातल्या कुठल्याही बाईला ते चार कागद दिले असते तर चहा संपायच्या आत तिने हेच सांगितलं असतं.

आता आपल्याकडचं. 1872 चा भारतीय पुरावा कायदा इंग्रजांनीच केला. त्याचं कलम 25 म्हणायचं की पोलीस अधिकाऱ्यापुढची कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमात तेच कलम 23 मध्ये आहे. हिंदुस्थानातल्या फौजदाराच्या लेखणीवर साहेबाचा विश्वास नव्हता, लंडनच्या निरीक्षकाच्या लेखणीवर होता. हा खटला आपल्या सत्र न्यायालयात चालला असता तर नॉटिंग हिलचे दोन्ही जबाब बाद. जुन्या कायद्यातल्या कलम 27 ची वाट उरते, कबुलीतून एखादी वस्तू हस्तगत झाली तर तेवढा भाग चालतो, पण प्रेतं कबुलीच्या आधीच सापडली होती. म्हणजे सरकार पक्षाच्या हाती राहतं काय? क्रिस्टीची साक्ष, विकलेलं फर्निचर आणि थापा.

अर्थात यावरून आपल्याकडे सगळं आलबेल आहे असं मी म्हणणार नाही, 27 वर्षं तिथे बसून तर नाहीच. महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये सहा जणांना फाशी ठरवली आणि 2019 मध्ये त्याच न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडून प्रत्येकी 5 लाख रुपये द्यायला सांगितले. जखमी साक्षीदाराने सुरुवातीला पोलिसांच्या फोटोंतून भलतेच चौघे ओळखले होते, तो कागद मागे पडला होता.

सिनेमा

रिचर्ड ॲटनबरो यांना इथे लोक ‘गांधी’चे दिग्दर्शक म्हणून ओळखतात, ज्यात आपल्या रोहिणी हट्टंगडी कस्तुरबा झाल्या. त्यांचा क्रिस्टी पाहिल्यावर ती ओळख विसरावी लागते. ओरडणं नाही, डोळे वटारणं नाही. चहाची किटली, मऊ आवाज, आणि समोरच्याचं अज्ञान तोलून पाहणारी नजर. ही भूमिका त्यांना करायला नको वाटत होती, पण फाशीच्या शिक्षेविरुद्ध बोलणारा सिनेमा म्हणून त्यांनी ती लगेच स्वीकारली. जॉन हर्टचा एव्हन्स तोंडाळ, बढाईखोर, आणि प्रश्न आला की गडबडणारा. तो सहानुभूती मागत नाही, उलट त्याची चीड येते, आणि ज्यूरीलाही ती आली असणार हे कळतं. चित्रण त्याच गल्लीत झालं. 10 नंबरातले रहिवासी जागा सोडायला तयार नव्हते म्हणून आतले प्रसंग 7 नंबरात घेतले. गल्लीचं नाव तोवर बदलून रस्टन क्लोज झालं होतं, आणि चित्रण झाल्यावर ती पाडलीच. फाशीच्या प्रसंगासाठी सल्लागार खुद्द पियरपॉइंट होता, श्रेयनामावलीत त्याचं नाव नाही. तो प्रसंग काही क्षणांत उरकतो. खरी फाशीही तेवढीच चालायची.

सिनेमा केनेडींची बाजू पूर्ण मान्य करून चालतो, ब्रेबिनचा संशय तो शिवतही नाही. कायद्याच्या दृष्टीने मला ते थोडं खटकलं, पण 2003 मध्ये सरकारने नेमलेल्या मूल्यमापकाने, लॉर्ड ब्रेनन यांनी, एव्हन्स दोन्ही खुनांत निर्दोष असल्याचं धरून त्याच्या बहिणींना भरपाई दिली. त्याची अस्थी 1965 मध्येच तुरुंगाच्या आवारातून काढून लेटनस्टोनच्या कॅथलिक दफनभूमीत पुरली होती.

राहिला निकालाचा कागद. राजमाफीने शिक्षा माफ होते, दोषसिद्धी रद्द होत नाही. ती रद्द व्हावी म्हणून बहीण 2004 मध्ये उच्च न्यायालयात गेली. न्यायमूर्तींनी एव्हन्सने दोघींपैकी कुणालाच मारलं नाही हे मान्य केलं, पण पुन्हा अपील चालवण्याचा खर्च आणि वेळ यांतून आता वेगळं काही हाती लागणार नाही म्हणून अर्ज फेटाळला. 13 जानेवारी 1950 ची, त्याला दोषी ठरवल्याची नोंद त्यामुळे दप्तरात अजून तशीच आहे.